दोन हजार शंभर बटणं आणि एक साडू

मोजण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी नाही, आमचा अख्खा कारखाना सांगतो. बटणांच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचा प्रमुख म्हणून मी बावीस वर्षं काढलीत. या बावीस वर्षांत माझ्या खात्यातून बाहेर पडलेल्या एकाही पाकिटात एक बटण कमी निघालेलं नाही. जास्त तर नाहीच नाही!

आता तुम्ही म्हणाल, एवढी बटणं हा माणूस एकेक करून मोजतो की काय? छे हो! एकेक मोजायला बसलो तर रिटायर होईपर्यंत दुसरी गोणी उघडायची नाही. आम्ही वजन करतो. शंभर बटणं मोजायची, काट्यावर टाकायची. दोनशे ग्रॅम भरली? म्हणजे एक बटण दोन ग्रॅमचं. मग अख्खी गोणी काट्यावर चढवायची आणि दोननं भागायचं. झालं मोजून!

हे सगळं एवढं सविस्तर सांगतोय, कारण आमच्या घरात कोणालाही ते कधी ऐकावंसं वाटलं नाही. आमच्या घरात ऐकलं जातं ते फक्त साडूचं!

माझे साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. सगळे त्यांना 'प्रोफेसर' म्हणतात. उंच, गोरे, डोक्यावर सगळे केस! लग्नाला अठरा वर्षं झाली आमच्या. त्यातला एक दिवस असा गेला नाही की बायकोच्या तोंडून 'भाऊजींचं बघा जरा' हे वाक्य निघालं नाही. भाऊजी चहा बशीत सांडत नाहीत, भाऊजी घोरत नाहीत. मी एकदा विचारलंही, "ते घोरत नाहीत हे तुला कोणी सांगितलं?" तर म्हणाली, "ताईनं. आणि तिनं तुमचीही चौकशी केली होती." पुढे काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

मला त्यांचा हेवा वाटतो. सांगूनच टाकतो, लपवून काय उपयोग! पण अठरा वर्षं तो हेवा आपल्या जागी निमूट बसून होता. तो उठून नाचायला लागला तो आमच्या लेकीच्या अकरावीच्या चाचणीनंतर.

रसायनशास्त्रात वीसपैकी तीन मार्क! प्रश्न होता, 'छत्तीस ग्रॅम पाण्यात रेणू किती?' आमच्या कन्येनं उत्तर लिहिलं होतं, 'भरपूर.'

"चूक काय आहे यात?" मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली. "महिन्यानं फेरपरीक्षा आहे. ही या रविवारपासून भाऊजींकडे जाईल शिकायला."

रविवार! अहो, आठवड्याचे सहा दिवस मला बटणं दिसतात, लेक दिसते ती फक्त रविवारी. सकाळी आम्ही दोघं बाल्कनीत बसून घरातलं बिघडलेलं काहीतरी उघडायचो. कधी मिक्सर, कधी घड्याळ, कधी इस्त्री. दुरुस्त फारसं काही झालं नाही. पण ती स्क्रू हातात धरून बसायची, आठवडाभराच्या गमती सांगायची, आणि मी 'हं' म्हणायचो. तो माझा रविवार त्या केसाळ माणसाच्या घरी जाणार!

गेला. एक नाही, तीन रविवार गेले. मी बाल्कनीत एकटाच टोस्टर उघडून बसलो. आणि लेक परत यायची ती 'काका म्हणतात'चा पाढा घेऊन.

"बाबा, काका म्हणतात, डझन म्हणजे जसे बारा, तसा मोल म्हणजे एक ठरलेला आकडा. फक्त तो प्रचंड आहे. सहाच्या पुढे तेवीस शून्यं लिही, म्हणतात, साधारण तेवढा!"

"मग?"

"मग काय! एवढे कण कोण मोजणार? दिसतसुद्धा नाहीत. म्हणून काका म्हणतात, मोजायचे नाहीत, वजन करायचं! अठरा ग्रॅम पाणी घेतलं की त्यात एक मोल रेणू. छत्तीस ग्रॅम घेतलं की दोन मोल. काकांची आयडिया कसली भारी आहे ना?"

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर गळून पडला.

"काकांची आयडिया?" मी ओरडलो. "अगं, हे मी बावीस वर्षं करतोय! वजन करून मोजणं! हाच तर माझा धंदा!"

लेक माझ्याकडे बघून प्रेमानं हसली. ते प्रेमच मला जास्त झोंबलं. म्हणाली, "बाबा, ती बटणं. हे रेणू आहेत."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. काखेत कळसा आणि पोरगी साडूच्या गावाला वळसा घालतेय! त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, "येत्या रविवारी प्रोफेसरांना आणि मेहुणीबाईंना आपल्याकडे चहाला बोलाव. मी बटणांचा डबा आणतो. त्यात बटणं किती, ते वजन करून त्यांनी सांगायचं. खरा आकडा माझ्याकडे बंद लिफाफ्यात असेल. त्यांचा आकडा बरोबर आला, तर ही त्यांच्याकडे जन्मभर शिकू दे. चुकला, तर रविवार माझा. मी शिकवीन!"

"तुम्ही?" बायको म्हणाली. तिनं नुसतं 'तुम्ही' म्हटलं. पण त्यात केवढा अपमान भरला होता म्हणून सांगू!

आता खरं सांगतो. सरळ लढायचा माझा विचारच नव्हता. आमच्याकडे कोटाची दोन बटणं बनतात. तोंडानं हुबेहूब सारखी, रंग एक, भोकं चार. पण एक पाठीमागून पातळ, दोन ग्रॅमचं. दुसरं पाठीमागून जाड, तीन ग्रॅमचं. वरून बघून ओळखायची कोणाची बिशाद नाही! माझा बेत असा, की जाड बटणं खाली आणि पातळ वर. प्रोफेसर वरची दहा-वीस बटणं उचलणार, दोन ग्रॅमच्या हिशेबानं भागाकार करणार आणि सपशेल आपटणार! मग मी खाली हात घालून एक जाड बटण वर काढणार आणि म्हणणार, "प्रोफेसर, पुस्तकात हे नसतं!" हे वाक्य मी आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं.

शनिवारी काम सुटल्यावर मी खात्यात एकटाच थांबलो. रंगात नापास झालेला माल भंगारात जायचा होता, तो साहेबांना विचारून घेतला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काट्यावर ठेवला. समोर भिंतीवर माझ्याच हस्ताक्षरातली पाटी होती : 'आधी डबा, मग माल.' म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन आधी वजा करा, शून्याची कळ दाबा, मगच माल ओता. नवा माणूस लागला की पहिल्या दिवशी मी त्याच्याकडून ही पाटी दहा वेळा वाचून घेतो.

मी डबा ठेवला आणि माल ओतायला लागलो. डोळ्यांपुढे प्रोफेसरांचा पडलेला चेहरा होता. काटा दीड किलोवर येईपर्यंत जाड बटणं ओतली. म्हणजे पाचशे. त्यावर तीन किलो दोनशे पातळ. म्हणजे सोळाशे. एकूण दोन हजार शंभर. कागदावर ठळक लिहिलं, लिफाफ्यात घातलं, डिंक लावला आणि शीळ घालत घरी आलो.

रविवारी सकाळी मंडळी आली. प्रोफेसरांनी चहा घेतला. बशीत एक थेंब सांडला नाही! मी डबा टेबलावर ठेवला, लिफाफा लेकीच्या हातात दिला आणि म्हटलं, "होऊन जाऊ द्या, साडूभाऊ!"

"मजा आहे बुवा!" प्रोफेसर हात चोळत म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला आणि, बघा हं, माझ्या डोळ्यांदेखत वरची बरोब्बर दहा बटणं उचलली!

"वीस ग्रॅम," लेक काटा वाचून म्हणाली. "एक बटण दोन ग्रॅम!"

"किती पटकन करतात भाऊजी!" बायको म्हणाली.

एरवी या वाक्यानं माझं रक्त तापलं असतं. पण त्या क्षणी मला उकळ्या फुटत होत्या. मासा गळाला लागला होता! मी दोन्ही हात पसरून म्हटलं, "करा! करा भागाकार!" आणि माझा उजवा हात फाडकन डब्यावर आदळला.

डबा पालथा! बटणं घरभर! टेबलाखाली, खुर्चीखाली, दारातल्या चपलांमध्ये, मेहुणीबाईंच्या पर्समध्ये! तो आवाज पाच मिनिटं चालला होता असं मला वाटतं. खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारून गेले, की भिंत पडली का.

आम्ही सगळे रांगत बटणं गोळा करायला लागलो. आणि प्रोफेसर मध्येच थांबले. दोन बोटांत एक बटण धरून ते त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते.

"साडूभाऊ, हे जाड आहे."

"असेल," मी म्हटलं. "एखादं असतं."

"हेही जाड आहे. आणि हे पण!" ते ताडकन उठले. मला वाटलं, आता माझी लबाडी चव्हाट्यावर येणार. पण त्यांचा चेहरा उजळला होता! त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि गदागदा हलवला. "साडूभाऊ! तुम्ही तर कमाल केलीत! हे आयसोटोप आहेत!"

"काय आहेत?"

"आयसोटोप! पोरी, तीन रविवार तुला जे समजत नव्हतं ना, ते तुझ्या बाबांनी डब्यात भरून आणलंय! मूलद्रव्य एकच, पण काही अणू हलके, काही जड. दिसायला, वागायला सारखे. मग एका अणूचं वजन कुठलं धरायचं?"

"सरासरी!" लेक किंचाळली. "म्हणून क्लोरीन साडेपस्तीस! पस्तीसवाले जास्त आणि सदतीसवाले कमी!"

"शाब्बास! मग आता वरची दहा बटणं घेऊन चालेल का?"

"नाही! ढवळायला पाहिजे. मग शंभर घ्यायची, सगळीकडून!"

मी गालिच्यावर गुडघे टेकून बसलो होतो. माझा सापळा, माझी बटणं, आणि धडा शिकवून मोकळा झाला तो! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

लेकीनं सगळीकडून मुठी मुठी करून शंभर बटणं घेतली. दोनशे वीस ग्रॅम. म्हणजे सरासरी दोन पूर्णांक दोन. मग प्रोफेसरांनी मोठं पातेलं काट्यावर ठेवलं, शून्याची कळ दाबली (तेवढं तर आमच्याकडे काल लागलेल्या माणसालाही येतं!) आणि सगळी बटणं त्यात ओतली. चार किलो तीनशे चौऱ्याण्णव. लेकीनं भागाकार केला.

"एक हजार नऊशे सत्त्याण्णव पूर्णांक काहीतरी!"

"म्हणजे दोन हजारच्या आसपास," प्रोफेसर म्हणाले. "पाच-दहा इकडे तिकडे."

माझ्या जिवात जीव आला! दोन हजार शंभर कुठे आणि दोन हजार कुठे! शंभरची चूक! मी लिफाफा लेकीकडून घेतला, टर्रकन फोडला आणि कागद सगळ्यांच्या तोंडापुढून फिरवला.

"दोन हजार शंभर! सोळाशे पातळ, पाचशे जाड! हरलात, प्रोफेसर! बावीस वर्षांचा अनुभव आहे हा, गंमत नाही!"

"असं?" प्रोफेसर गोंधळले. "शंभरचा फरक पडायला नको खरं तर. मोजून बघायचं का?"

"मोजा की! हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

आणि मग ज्यानं बावीस वर्षांत एकेक बटण मोजलं नव्हतं, तो मी, रविवारची सकाळ खर्ची घालून एकेक बटण मोजत बसलो. पातळ एका बाजूला, जाड एका बाजूला. बायको दर पाच मिनिटांनी 'काय खेळ मांडलाय' म्हणायची आणि माझा आकडा चुकायचा. दीड तासानं हिशेब लागला. पातळ पंधराशे सत्त्याण्णव. जाड चारशे. एकूण एक हजार नऊशे सत्त्याण्णव.

"सोफ्याखाली राहिली असणार!" मी ओरडलो. "शंभराच्या वर आहेत खाली! उचला सोफा!"

प्रोफेसर आणि मी मिळून सोफा उचलला. माझ्या कमरेत लचक भरली. खाली एक कंगवा, बायकोचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं आणि तीन बटणं होती. तिन्ही पातळ!

"बरोब्बर दोन हजार," मेहुणीबाई म्हणाल्या. आतापर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. हेच बोलायला तोंड उघडलं!

मी सोफ्यावर बसलो. माझ्या हातून शंभर बटणं कमी! बावीस वर्षांत पहिल्यांदा! कारखान्यात कळलं तर? मी म्हटलं, "कोणीतरी काढून घेतली असतील."

"शंभर जाड बटणं?" बायको म्हणाली. "चोरानं पाठ बघून निवडली का?"

लेक वहीत काहीतरी लिहीत होती. भुवया जवळ आल्या होत्या, पेन्सिलीचं टोक दातांत. मग ती उठली, रिकामा डबा उचलला आणि काट्यावर ठेवला.

"पातळ बरोबर आहेत, सोळाशे. कमी पडली ती फक्त जाड. शंभर जाड म्हणजे तीनशे ग्रॅम," ती हळूच म्हणाली. "आणि डबा... तीनशे ग्रॅम."

प्रोफेसरांनी वाकून काट्यावरचा आकडा वाचला.

"बाबा, तुम्ही जाड बटणं आधी ओतलीत ना? डब्यातच? काटा शून्यावर न आणता?"

काय सांगू तुम्हाला! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भिंतीवरची ती पाटी माझ्या डोळ्यांपुढे आली. दहा-दहा वेळा वाचून घेतो मी ती लोकांकडून! मी मान डोलावली. कमरेमुळे तीही नीट डोलली नाही.

"पण कसं शोधलंस तू!" प्रोफेसर म्हणाले. "हे तर मलाही सुचलं नव्हतं!"

"सोपं आहे, काका. कमी किती ते कळलं, एकाचं वजन माहीत आहे, गुणाकार केला. उलटं जायचं फक्त." ती थांबली. मग एकदम उडीच मारली तिनं! "अय्या! मला मोल समजला!"

बायकोनं तिला जवळ घेतलं. प्रोफेसरांनी टाळ्या वाजवल्या. मी हरलो होतो, म्हणून मी शब्दाला जागायचं ठरवलं आणि घसा खाकरून म्हटलं, "ठीक आहे. पुढच्या रविवारपासून जा काकांकडे. मी काही बोलणार नाही."

"कशाला?" लेक म्हणाली. "आता येतंय की मला!"

प्रोफेसरांच्या टाळ्या थांबल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

फेरपरीक्षेत तिला वीसपैकी एकोणीस मिळाले. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या चार नापास मैत्रिणी तिच्या मागे लागल्या, आम्हालाही शिकव म्हणून. कधी? रविवारी. कुठे? आमच्या घरी. मी खूश! सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बटणांचा डबा घेऊन तयार होऊन बसलो. चौघी आल्या, आत बसल्या आणि दहाच्या ठोक्याला पुन्हा बेल वाजली. बघतो तर दारात प्रोफेसर! काखेत पुस्तक!

"म्हटलं, पोरीला काही अडलं तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

लेकीनं दोघांकडे बघितलं. डबा माझ्या हातातून काढून घेतला, पुस्तक त्यांच्या काखेतून काढून घेतलं, आणि म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर बसा हं. मध्ये मध्ये बोलता तुम्ही."

दार बंद! मी माझ्या स्वतःच्या घराबाहेर, जिन्याच्या पायरीवर, साडूच्या शेजारी! दाराजवळची वरची पायरी मी आधीच पकडली होती, तिथून आतलं ऐकू येत होतं. प्रोफेसर दोन पायऱ्या खाली होते.

थोड्या वेळानं आत हशा पिकला. मग लेकीचा आवाज, "...आणि बाबांनी लिफाफा फाडला! टर्रकन!" पुन्हा हशा. "मग बाबा म्हणतात, सोफा उचला!" आता तर कोणीतरी हसून हसून जमिनीवर पडल्याचा आवाज आला. माझे कान लाल झाले.

"काय म्हणतेय ती?" प्रोफेसरांनी खालून विचारलं.

"माझी फजिती सांगतेय."

"माझं काही आलं का त्यात?"

"आलं ना. 'काकांनी वजन केलं.'"

"आणि?"

"एवढंच."

"एवढंच?" ते एक पायरी वर सरकले. आत पुन्हा 'आमचे बाबा ना' सुरू झालं आणि सगळ्याजणी खिदळल्या. प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सगळं तुमच्यावरच चाललंय," ते म्हणाले. "भाग्यवान आहात, साडूभाऊ."

असा सूर लावायला काय लागतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार! अठरा वर्षं तो माझ्याच घशातून निघत आलाय. मला त्यांची दया आली. मी सरकून दाराजवळची जागा त्यांना दिली.

पाचच मिनिटं हं! मग म्हटलं, "उठा, माझ्यावर चाललंय."